इरॉसचा प्रकाशवक्र : देवगडच्या सड्यावरील नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

सड्यावरची जागा आज पक्की झाली. देवगडपासून आत, कलमांच्या बागेच्या वरच्या अंगाला जांभ्याचा उघडा कातळ आहे. दिवाळीनंतर त्यावरचे गवत वाळून पिवळे पडले की दुर्बिणीचे पाय रोवायला कोरडी आणि सपाट जमीन मिळते. पूर्वेला आणि उत्तरेला उजेड जवळजवळ नाही; पश्चिमेला समुद्र आहे आणि मासेमारी नौकांच्या दिव्यांचा पट्टा सोडला तर तिकडचे आकाशही बरे आहे. आठ इंची आरशाची न्यूटनीय दुर्बीण, विषुववृत्तीय बैठक, कृष्णधवल सीमॉस कॅमेरा आणि गाडीची जुनी बॅटरी एवढ्या सामानावर हंगाम काढायचा आहे.

काम एकच आहे. ४३३ इरॉस या लघुग्रहाची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितके तेज जास्त) रात्रीमागून रात्री मोजायची, तिचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, बांधायचा आणि त्यावरून उलट गणिताने परिवलन काळ, अक्षाची दिशा आणि आकार कितपत निघतो ते पाहायचे. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे गणित मी मुद्दाम निवडले आहे. नीअर शूमेकर हे यान १४ फेब्रुवारी २००० रोजी इरॉसभोवतीच्या कक्षेत गेले, वर्षभर फिरले आणि १२ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच्या पृष्ठावर उतरले. त्यामुळे इरॉसची लांबी सुमारे ३४ किलोमीटर आणि जाडी सुमारे ११ किलोमीटर आहे, तो ५.२७ तासांत एक फेरी पुरी करतो, आणि त्याचा उत्तर ध्रुव भोग १७ अंश, शर ११ अंश (सूर्याच्या मार्गावरून मोजलेले आकाशातले रेखांश आणि अक्षांश) या दिशेला रोखलेला आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही. वर्गात मी मुलांना पुस्तकाच्या शेवटची उत्तरे झाकून गणित सोडवायला सांगतो. तीच अट यंदा स्वतःला घालून घेतली आहे आणि ध्रुवाची दिशा गणितात कोठेही आधी भरायची नाही असे ठरवले आहे.

इरॉस यंदा ३० नोव्हेंबरच्या सुमारास पृथ्वीपासून साधारण ०.४ खगोलीय एककांवर, म्हणजे सहा कोटी किलोमीटरांवर येतो आहे. तो दहाव्या प्रतीच्या आसपास आहे, आणि देवयानी तारकासमूहात, देवयानी दीर्घिकेपासून काही अंशांवर असल्यामुळे आपल्या अक्षांशावरून रात्रीच्या पहिल्या प्रहरातच डोक्याजवळ येतो. आठ इंची आरशाला याहून सोयीचा लघुग्रह मिळणे कठीण आहे.

१५ नोव्हेंबर

पहिली पूर्ण रात्र झाली. संध्याकाळी सातला सुरुवात केली आणि साडेबाराला थांबलो. तीस सेकंदांचे एक, अशी सहाशेच्या आसपास चित्रे हाती आली. एका फेरीला सव्वापाच तास लागतात आणि देवयानी चांगल्या उंचीवर तेवढाच वेळ राहते, त्यामुळे एका बैठकीत अख्खी फेरी पकडता येते ही नोव्हेंबरची मोठी सोय आहे.

पहिला तास मात्र फुकट गेला म्हणायला हरकत नाही. दिवसभर तापलेला कातळ रात्री आठपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि चित्रांतले तारे फुगून कापसासारखे दिसतात. नऊनंतर मतलई वारा सुरू झाला, हवा स्थिरावली आणि ताऱ्यांचे ठिपके निम्मे झाले. तेव्हा बागेतले राखणदार आबा कंदील घेऊन वर आले आणि आकाशाकडे न पाहता हाताने गवत चाचपून म्हणाले, “सर, आज दंव पडतला, लवकर आवरा.” सव्वाअकराला दुय्यम आरशावर पहिला धुरकटपणा आला. सोबत आलेल्या माझ्या विद्यार्थिनीने केस वाळवण्याचे यंत्र बॅटरीवर चालवून तो घालवला, पण त्या दहा मिनिटांची चित्रे टाकून द्यावी लागली. पुढच्या वेळी नळीला पुढून पुठ्ठ्याची टोपी लांबवायची आहे.

मोजणीची रीत अशी ठेवली आहे की इरॉसची प्रत स्वतंत्रपणे मोजायची नाही. त्याच चित्रातले सूर्यासारख्या रंगाचे पाच तारे घ्यायचे आणि इरॉस त्यांच्या सरासरीहून किती उजळ किंवा मंद आहे एवढेच काढायचे. पातळ ढग, दव, हवेचा थर या सगळ्यांचा परिणाम दोघांवर सारखाच होत असल्यामुळे वजाबाकीत तो बहुतेक निघून जातो. ताऱ्यांचा रंग जुळवण्याचे कारण असे की लघुग्रह स्वतः प्रकाशत नाही, तो सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो. निळा तारा तुलनेला घेतला तर क्षितिजाकडे उतरताना हवा त्याचा प्रकाश इरॉसच्या प्रकाशापेक्षा जास्त खाते आणि वक्राला खोटा उतार येतो.

वक्र काढला आणि दोघेही गप्प झालो. इरॉसची प्रत एका फेरीत दीड प्रतीपर्यंत बदलते असे आम्ही वाचून होतो. साधा हिशेब केला तरी आडवे ३४ गुणिले ११ आणि टोकाकडून ११ गुणिले ११, म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्रात तिपटीचा फरक, म्हणजे सव्वा प्रत. आमच्या वक्रात पाव प्रतीचाही चढउतार नव्हता. दोन बुटक्या लाटा होत्या आणि त्यांतली एक दुसरीहून किंचित ठेंगणी. “सर, हा इरॉसच आहे ना?” असा प्रश्न आला. तो रास्त होता. संध्याकाळचे पहिले आणि मध्यरात्रीचे शेवटचे चित्र एकावर एक ठेवले; तारे जागच्या जागी होते आणि आमचा ठिपका तीन-चार कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकलेला होता. इरॉसच होता.

१८ नोव्हेंबर

ढग आले, म्हणून घरातच प्रयोग केला. बाजारातून पंधरा सेंटिमीटर लांब आणि मध्ये पाच सेंटिमीटर जाड असे एक रताळे निवडून आणले. त्याची साल कोठे तांबडी, कोठे मातकट असते, म्हणून त्याला चुन्याचे दोन हात दिले. प्रदर्शनात वस्तू फिरवायला वापरतात तसल्या बॅटरीवरच्या तबकडीवर ते आडवे ठेवले, खोली काळी केली, आणि मोबाइलचा कॅमेरा एकाच उद्भासनावर (प्रकाश घेण्याच्या कालावधीवर) बांधून चित्रांतला एकूण उजेड मोजला.

पहिल्यांदा कॅमेरा आणि दिवा दोन्ही रताळ्याच्या पातळीत ठेवले. तबकडी फिरताच उजेड एका फेरीत दोनदा वर गेला, दोनदा खाली आला, आणि वरचा उजेड खालच्याच्या जवळपास तिप्पट भरला. मग कॅमेरा आणि दिवा दोन्ही उचलून तबकडीच्या डोक्यावर, थोडे कललेले ठेवले. आता रताळे पूर्वीसारखेच फिरत होते, पण वरून पाहताना त्याची लांबी कधी लपतच नव्हती. ती फक्त दिशा बदलत होती. उजेडाची रेघ जवळजवळ सपाट आली. १५ तारखेला आकाशात आम्ही जे पाहिले ते हेच असावे. इरॉस गोल नाही, तर आपण त्याच्याकडे अक्षाच्या रोखाने पाहतो आहोत. म्हणजे ध्रुवाची दिशा न पाहताही तिच्याविषयी पहिली खबर मिळाली, आणि ती वक्राच्या चढउतारातून नव्हे, चढउतार नसण्यातून मिळाली.

तिसरी गोष्ट आम्ही सहज म्हणून केली. कॅमेरा डोक्यावरच ठेवला आणि फक्त दिवा बाजूला, जवळजवळ तबकडीच्या पातळीपर्यंत खाली नेला. उजेडात पुन्हा लाटा उठल्या. कॅमेऱ्याला दिसणारी बाह्यरेषा तीच होती, पण दिव्याकडे रताळ्याची कधी लांब कूस येत होती, कधी टोक, आणि त्यामुळे उजळलेला भाग कमीजास्त होत होता. ही गोष्ट जानेवारीसाठी लक्षात ठेवायची आहे, कारण तोवर सूर्य-इरॉस-पृथ्वी हा कोन ३० अंशांवरून ५० अंशांच्या पुढे जाणार आहे.

चुना का लावला, हे विद्यार्थिनीने विचारले तेव्हा हेन्री नॉरिस रसेल यांच्या १९०६ च्या लेखापर्यंत जावे लागले. इरॉस १८९८ मध्ये बर्लिनला गुस्ताव्ह विट यांना सापडला, १९०१ मध्ये ओपोल्झर यांना त्याची प्रत बदलताना दिसली, आणि लगेच प्रश्न आला की हा आकाराचा खेळ आहे की पृष्ठावरच्या काळ्यापांढऱ्या डागांचा. रसेल यांनी गणिताने दाखवले की प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी असताना, घेतलेल्या वक्रांवरून हा निवाडा होऊच शकत नाही. एकच वक्र ठिपकेदार गोळाही देऊ शकतो आणि एकरंगी रताळेही. त्या निष्कर्षाचा धाक पुढे कितीतरी दशके राहिला. मिक्को कासालाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नवी रीत मांडली तेव्हा तिचा सगळा भर रसेल यांनी वगळलेल्या परिस्थितीवर होता : सूर्य बाजूला असताना, निरनिराळ्या दिशांनी घेतलेले वक्र एकत्र सोडवायचे.

२३ नोव्हेंबर

नेहमीचा लॅपटॉप चार्ज झाला नव्हता, म्हणून विद्यार्थिनीच्या घरचा जुना लॅपटॉप आणला. त्यावर चित्रे घेण्याचा कार्यक्रम वेगळा आहे. रात्र उत्तम गेली. सहा तास, दव नाही, एकही चित्र टाकावे लागले नाही. आबांनी उकडलेले करांदे आणले होते.

२६ नोव्हेंबर

१५, १६, २१ आणि २३ या चार रात्रींचे वक्र ५.२७ तासांवर दुमडून, म्हणजे वेळांतून पूर्ण फेऱ्या वजा करून, एकावर एक ठेवले. पहिले तीन चांगले बसतात. २३ चा आकाराने तंतोतंत तसाच आहे, पण सगळाच्या सगळा उजवीकडे सरकलेला, सुमारे चौदा मिनिटांनी. सर्वांत स्वच्छ रात्रीचा वक्रच बसू नये याचा राग आला.

कारणे शोधायला बसलो. पहिला संशय प्रकाशाच्या प्रवासावर गेला : ०.४ खगोलीय एकके कापायला प्रकाशाला ३ मिनिटे २० सेकंद लागतात आणि ती वजा करावी लागतात. पण ती चारही रात्रींना जवळजवळ सारखीच आहेत, त्यातून चौदा मिनिटे निघत नाहीत. दुसरा संशय भूमितीवर. इरॉसकडे पाहण्याची आणि सूर्याची दिशा रोज थोडी बदलते, त्यामुळे लाटेचा माथा ताऱ्यांच्या हिशेबाने थोडा पुढेमागे होतो. पण दोन दिवसांत चौदा मिनिटे हे जरा फारच झाले. तिसरा संशय परिवलन काळावर. काळ थोडा वाढवला की २३ बसतो, पण मग १५ आणि १६ हलतात. रात्री अकराला कागद बाजूला ठेवले.

एक कबुली इथेच लिहून ठेवतो. दुसरे कारण मला मनातून पटू लागले होते आणि ‘भूमितीमुळे विस्थापन’ असा एक परिच्छेदही मी लिहून टाकला होता. तो खोडला नाही, वहीत तसाच ठेवला आहे.

२९ नोव्हेंबर

चौदा मिनिटांचा उलगडा झाला, आणि तो विद्यार्थिनीने केला. चित्रांवरून इरॉसची जागा मोजण्याचा सराव ती करत होती. २३ तारखेच्या चित्रांत इरॉस कोष्टकातल्या (कोणत्या वेळी तो आकाशात कोठे असेल ते देणाऱ्या तक्त्यातल्या) जागेपासून तीन-चार कलांनी मागे सापडत होता. बाकीच्या रात्रींत नेमका जागेवर. आमच्या ठिपक्याला सव्वापाच-साडेपाच तासांत जेवढे सरकता येते तेवढाच हा फरक आहे हे तिच्या लक्षात आले. मग तिने फाइलींच्या शीर्षनोंदी उघडल्या. इतर रात्रींचे पहिले चित्र १३ वाजून काही मिनिटांचे आहे, म्हणजे जागतिक वेळ. २३ चे पहिले चित्र १९ वाजताचे आहे. जुन्या लॅपटॉपवरचा कार्यक्रम भारतीय प्रमाणवेळ लिहीत होता आणि आम्ही ती जागतिक वेळ म्हणून वाचत होतो.

चूक साडेपाच तासांची होती, मग ती चौदा मिनिटांची का दिसली? कारण इरॉसची एक फेरी ५.२७ तासांची आहे. साडेपाच तास पुढे ढकललेला वक्र दुमडताना एक अख्खी फेरी गिळली जाते आणि हातात ०.२३ तास, म्हणजे चौदा मिनिटे उरतात. दुसरा कोणताही लघुग्रह असता तर हा वक्र भलत्याच जागी पडला असता आणि चूक पहिल्याच मिनिटाला कळली असती. भारतातून इरॉस मोजणाऱ्यांसाठीच जणू हा सापळा लावून ठेवलेला आहे. शिवाय १९ ही वेळ डोळ्याला खटकतही नव्हती : सातला आम्ही खरोखरच सुरुवात केली होती.

वेळा दुरुस्त करताच २३ चा वक्र बाकीच्या तिघांवर असा बसला की रेघा वेगळ्या ओळखू येईनात. यापुढे प्रत्येक रात्री पहिल्या चित्राच्या वेळी मनगटावरच्या घड्याळाची वेळ वहीत लिहायची आणि इरॉसची जागा कोष्टकाशी ताडून पाहायची, मगच पुढे जायचे.

५ डिसेंबर

काल दत्तजयंती झाली. पौर्णिमेच्या आजूबाजूचे चार-पाच दिवस सोडून दिले आहेत. तेवढ्यात चित्रे तपासून, ज्यांत इरॉस एखाद्या मंद ताऱ्यावरून जाताना त्याचा उजेड उसना घेतो अशी सगळी काढून टाकली.

एका गोष्टीची नोंद हवी. सध्याच्या बुटक्या लाटांवर परिवलन काळ शोधणारा कार्यक्रम ५.२७ तासांइतकेच २.६३५ तासांनाही गुण देतो, कारण दोन्ही लाटा जवळजवळ सारख्या असल्यामुळे एकाच लाटेची फेरीही त्याला चालते. लांबट वस्तूला एका फेरीत दोन माथे असतात, ही आपली समजूत झाली, वक्राची साक्ष नव्हे. आणि ध्रुवाच्या रोखाने पाहताना ती समजूतही डळमळते. निवाडा त्या किंचित ठेंगण्या लाटेवर आहे. ती प्रत्येक रात्री एकाआड एक येते, म्हणून ५.२७. कुणाला हा पुरावा हलका वाटला तर माझे म्हणणे नाही.

२० डिसेंबर

अमावास्येची रात्र होती, आकाश स्वच्छ होते. चढउतार नोव्हेंबरच्या जवळपास दुप्पट आहे, आणि आता दोन्ही तळांतला फरकही नुसत्या डोळ्याने कळतो. कलमांना मोहोर फुटू लागला आहे आणि बागेत फवारणी सुरू आहे; संध्याकाळी फवाऱ्याचा बारीक धूर सड्यापर्यंत चढतो, म्हणून आरसा सातच्या आधी उघडायचा नाही असे आबांशी ठरवले.

११ जानेवारी २०२६

आरशावर मिठाची साय आली आहे. सड्यापासून समुद्र दूर वाटतो, पण दुपारचा खारा वारा कशालाही सोडत नाही. बैठकीच्या स्क्रूंना तांबेरा चढला आहे. ऊर्ध्वपातित पाण्याने आरसा धुतला, कापूस फिरवला नाही, उभा करून वाळवला.

१७ आणि १८ जानेवारी

या दोन संध्याकाळी एकत्रच लिहितो, कारण त्या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. इरॉस आता सूर्यास्तानंतर लगेच माथ्यावर असतो आणि अकरापर्यंत समुद्राकडच्या दिव्यांच्या पट्ट्यात उतरतो; चार तासांहून जास्त वेळ मिळत नाही, म्हणजे एका बैठकीत फेरी पुरी होत नाही. पण २४ तासांत इरॉसच्या साडेचारांहून किंचित जास्त, ४.५५ फेऱ्या होतात. त्यामुळे आज सातला जी बाजू दिसते तिच्या जवळजवळ पाठीची बाजू उद्या सातला दिसते, आणि दोन लागोपाठच्या संध्याकाळी मिळून अख्खी फेरी भरून निघते. परवा पुन्हा आजचीच बाजू येते, फक्त चौतीस मिनिटे आधी.

अशा तुकड्यांच्या जोडणीत फसगतही सोपी असते. दोन संध्याकाळींच्या मध्ये साडेचार फेऱ्या झाल्या की चार की पाच, हे तुकडे स्वतःहून सांगत नाहीत. नुसत्या या दोन रात्री असत्या तर ५.९ तास आणि ४.७५ तास हेही उमेदवार उभे राहिले असते. नोव्हेंबरच्या पूर्ण रात्री हाताशी होत्या म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवता आले.

जोडलेल्या वक्रात चढउतार अर्ध्या प्रतीच्या आसपास आहे. आपण अजूनही ध्रुवाच्याच बाजूने पाहतो आहोत, पण सूर्य आता कुशीवर आला आहे; खोलीतल्या रताळ्याजवळचा दिवा बाजूला नेला तेव्हा घडले तेच इथे घडते आहे. एक तळ दुसऱ्याहून अरुंद आणि खोल आहे. लांबट, पण दोन्ही बाजूंनी सारख्या नसलेल्या वस्तूचा वक्र असाच येतो.

२५ जानेवारी

आजपासून उलट गणित. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाच्या डॅमिट या सार्वजनिक संग्रहात लघुग्रहांची प्रारूपे आणि ती काढण्याचे कार्यक्रम दोन्ही मिळतात. त्यांतला कॉन्व्हेक्सइन्व्ह वापरतो आहोत.

त्याची रीत थोडक्यात अशी आहे. लघुग्रह हा शेकडो सपाट पैलूंचा बहिर्वक्र, म्हणजे कोठेही खळगा नसलेला, ठोकळा मानायचा. प्रत्येक पैलूची दिशा ठरलेली असते, शोधायचे असते ते त्याचे क्षेत्रफळ. एका क्षणी सूर्याच्या आणि आपल्या अशा दोघांच्याही समोर असलेल्या पैलूंचा उजेड बेरजेला घ्यायचा. प्रत्येक पैलू किती उजेड परत पाठवतो यासाठी लोमेल-झेलिगर नियम आणि त्यात लॅम्बर्ट नियमाची चिमूट. एवढे झाले की गणिताने काढलेला वक्र आणि मोजलेला वक्र यांतला फरक कमीत कमी होईपर्यंत क्षेत्रफळे, अक्षाची दिशा आणि परिवलन काळ हलवत राहायचे. शेकडो क्षेत्रफळे सुटी सोडली तर गणित वाटेल तिकडे धावते, म्हणून ती ४९ गुणकांच्या एका मालिकेतून काढतात. शेवटी क्षेत्रफळांवरून ठोकळा उभा करायचा. दिशा आणि क्षेत्रफळे दिली की बहिर्वक्र ठोकळा एकच निघतो, हे मिन्कोव्स्की यांचे प्रमेय आहे.

परिवलन काळ शोधताना पाऊल किती बारीक ठेवायचे हे निरीक्षणांच्या पल्ल्यावर ठरते. काळाचा वर्ग भागिले पल्ल्याची दुप्पट एवढ्या अंतराने फरकाच्या आलेखात खोटे खड्डे, म्हणजे बरोबर भासणारे चुकीचे काळ, पडतात. आमचा पल्ला १५ नोव्हेंबर ते १८ जानेवारी, ६४ दिवसांचा आहे, त्यामुळे खड्डे ०.००९ तास, म्हणजे सुमारे बत्तीस सेकंदांवर आहेत. लॅपटॉप रात्रभर चालला.

निकाल निराश करणारा आहे, पण चुकीचा नाही. काळ ५.२७ वर ठाम आहे. ध्रुवाची दिशा मात्र एका ठिपक्याऐवजी आकाशाच्या एका मोठ्या डागात पसरते. त्या डागातला कोणताही ध्रुव घ्या, वक्र तितकेच चांगले बसतात. लांबी आणि रुंदीचे गुणोत्तर बरे येते, पण अक्षाच्या दिशेची उंची वाटेल ती निघते : एका धावेत ठोकळा पापडासारखा चपटा झाला, दुसऱ्यात तो अक्षावर उभा राहिला. आम्ही पूर्ण हंगाम एकाच बाजूने, डोक्यावरून, पाहत होतो. घराच्या कौलांवरून भिंतीची उंची सांगा म्हटल्यासारखे ते झाले.

एक तपास समाधानाचा निघाला. पृष्ठावर डाग असतील तर ते भरून काढायला कार्यक्रम एक जादा काळा पैलू वापरतो. त्याचा वाटा एक टक्क्याहून कमी आला, तेव्हा इरॉसला आकाशातच चुना लावलेला आहे असे समजून पुढे जायला हरकत नाही.

१ फेब्रुवारी

आमच्या रात्रींना आधीच्या दशकांतले सार्वजनिक संग्रहातले वक्र जोडले. इरॉस जानेवारी १९७५ मध्ये ०.१५ खगोलीय एककांपर्यंत आला होता आणि २०१२ च्या जानेवारीअखेर ०.१८ पर्यंत, त्यामुळे त्याच्या निरीक्षणांना तोटा नाही. आणि त्या वेळच्या भूमितीत तो कधी विषुववृत्ताकडून, कधी तिरका दिसला आहे. पल्ला पन्नास वर्षांचा धरला की खोट्या खड्ड्यांमधले अंतर ०.००००३ तासांवर, म्हणजे एका सेकंदाच्या नवव्या भागावर येते. पाऊल तितके बारीक करावे लागल्यामुळे दोन लॅपटॉप तीन दिवस चालले. जुना लॅपटॉपही त्यात होता. या वेळी त्याचे घड्याळ आधी तपासले.

डाग आक्रसून एक ठिपका झाला. मग झाकलेले उत्तर उघडले. आमचा ध्रुव यानाने दिलेल्या ध्रुवापासून काही अंशांवर आहे. उत्तर उघडल्यावर नोव्हेंबरचा हिशेबही उलगडून पाहिला : त्या महिन्याच्या मध्याला आपली दृष्टी आणि सूर्यकिरण दोन्ही अक्षाशी सुमारे २५ अंशांचा कोन करत होते आणि इरॉसचा दक्षिण ध्रुव आपल्याकडे होता. जानेवारीच्या मध्याला आपला कोन विसेक अंशच राहिला, सूर्याचा मात्र पाऊणशे अंशांच्या पुढे गेला. तिथल्या दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा आमच्या डोळ्यांदेखत सरला. रताळ्याने हे सगळे १८ नोव्हेंबरलाच दाखवले होते.

प्रारूपाच्या एका लांब कुशीवर मोठा सपाट भाग आला आहे. बहिर्वक्र ठोकळ्याला खळगा दाखवता येत नाही, म्हणून खळग्यावर झाकण घातल्यासारखा तो सपाट पैलू देतो. यानाच्या चित्रांत इरॉसला एका बाजूला खोगिरासारखा मोठा खोलगट भाग आहे, त्याला हिमेरोस म्हणतात. आमचा सपाट भाग तिथलाच असावा असे मला वाटते, पण रेखांशांची शून्यरेषा दोन्हीकडे जुळवून पाहिल्याशिवाय ते लिहून टाकणार नाही. ‘भूमितीमुळे विस्थापन’ हा परिच्छेद अजून वहीत आहे.

८ फेब्रुवारी

दुर्बीण सड्यावरून खाली आणली. गावातल्या गणपतीच्या चित्रशाळेतून मागच्या वर्षीची उरलेली शाडू मिळाली. विद्यार्थिनीने प्रारूपाचे छेद कागदावर छापून, पुठ्ठ्याचे साचे कापून, सोळा सेंटिमीटर लांबीचा इरॉस घडवला. सपाट कुशीवर तिने अंगठ्याने खळगा पाडायचा की नाही यावर आमचे एकमत झाले नाही, म्हणून दोन केले, एक खळग्याचा आणि एक सपाट. दोन्ही तबकडीवर फिरवून, दिवा जानेवारीच्या कोनावर ठेवून, तो अरुंद तळ कोणता देतो ते पाहायचे आहे. ओली शाडू काळसर दिसते आणि कडेने आधी वाळते, त्यामुळे मोजणी आज होणार नाही. दोन्ही इरॉस ओटीवर सावलीत ठेवले आहेत.